ऑटिझमसाठी स्टेम सेल : बाग विकून उपचार करावेत का? संशोधन नक्की काय सांगतं?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान गेल्या वर्षी झालं. अजून शब्द नाहीत. काही हवं असलं की आमचा हात धरून तिथपर्यंत नेतो. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या कामांचा सराव) दोन्ही मिरजेत चालू आहे.

पुण्यातल्या एका दवाखान्यानं स्टेम सेल (मूळ पेशी शरीरात सोडायचा उपचार) सुचवलंय. तीन सिटिंग, खर्च साडेसात लाख, राहणं-खाणं वेगळं. 'संशोधनानं सिद्ध झालेलं' असं म्हणतात. मेंदूच्या स्कॅनची आधीची आणि नंतरची रंगीत चित्रं असलेली फाइलही दिलीय. बाबा म्हणतात, तासगावची द्राक्षबाग काढू, नातवापेक्षा बाग मोठी नाही. बायकोचा ठाम नकार आहे. मी मध्ये अडकलोय.

माझे प्रश्न दोन. यावर खरं संशोधन काय झालंय? आणि डॉक्टरकी न शिकलेल्या माणसानं त्यातलं खरं-खोटं ओळखायचं कसं? धीर द्यायला घरचे आहेत, इथे माहिती हवी आहे.

वाळव्याचा_गडी
बाग विकू नका भाऊ. बाकीचं जाणकार सांगतील, पण बाग विकू नका.

बालरोग_मिरज
तुमची फाइल पाहिलेली नाही, तेव्हा त्या दवाखान्याबद्दल बोलत नाही. उपचाराबद्दल बोलतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं डिसेंबर २०२२मध्येच स्पष्ट केलंय की ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठानं नाळेच्या रक्तावर (त्यात स्टेम सेल असतात) मोठी चाचणी केली, निकाल २०२०मध्ये आले. २ ते ७ वर्षांची १८० मुलं होती. काहींना नाळेचं रक्त दिलं, काहींना दिसायला तसंच पण त्यात काही नसलेलं द्रावण. कुणाला काय दिलं हे पालकांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. सहा महिन्यांनी मुलांचं लोकांत मिसळणं मोजलं, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ही चाचणी करणारे लोक या उपचाराच्या बाजूचेच होते, हे लक्षात घ्या. तरीही त्यांनी निकाल लपवला नाही.

तुम्हाला जे सुचवलंय ते बहुधा हाडातल्या मज्जेतून काढून पाठीच्या मणक्यात सोडायचं असेल. म्हणजे मुलाला भूल द्यायची, दोन ठिकाणी सुया घालायच्या. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो.

स्कॅनच्या चित्रांचं म्हणाल, तर ऑटिझमचं निदानच स्कॅनवर होत नाही. ते वागण्या-बोलण्याच्या निरीक्षणावरून होतं. मग सुधारणा तरी स्कॅनवरून कशी सांगणार?

त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला : ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्या म्हणावं. भारतातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७पासून आहे, घरबसल्या फुकट बघता येते. दुसरा : चाचणी असेल तर पैसे कसले? प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहभागी माणसाकडून घ्यायचे नसतात. चाचणीत कुणाला इजा झाली तर तिचा इलाजसुद्धा करणाऱ्यांनीच करायचा असतो. नुसती नोंदणी आहे म्हणजे उपचार गुणकारी आहे, असं मात्र नव्हे.

कोरेगावकर
मी गप्पच राहणार होतो, पण एकच बाजू येतेय म्हणून लिहितो. आम्ही मुलीचं स्टेम सेल केलंय. त्यानंतर ती नजर द्यायला लागली, 'आई' म्हणाली, आता तीन-चार शब्द जोडते. हे आम्ही घरात राहून डोळ्यांनी बघितलंय. डॉक्टरांचे आकडे त्यांच्याजवळ. पैसा गेला त्याचं मला दुःख नाही. आणि संशोधन पुरं होईपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांना सांगतो, पोरांचं वय थांबत नाही.

आकडेमोड
कोरेगावकर दादा, मुलगी सुधारली याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि वाचून आनंद झाला. प्रश्न एवढाच आहे की कशामुळे.

मी कराडला संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात दरवर्षी एक खरी गोष्ट सांगतो. १९९८मध्ये अमेरिकेत तीन मुलांबद्दल एक लेख आला. पोटाच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन नावाचं संप्रेरक टोचलं होतं, आणि त्यानंतर त्यांचं बोलणं-बघणं सुधारलं असं पालकांना दिसलं. टीव्हीवर बातमी झाली, हजारो पालक त्या इंजेक्शनच्या मागे लागले. पुढच्याच वर्षी नीट चाचणी झाली. ६० मुलं घेतली, निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. चार आठवड्यांत सिक्रेटिनवाली मुलं सुधारली. आणि मिठाच्या पाण्याचीही तेवढीच सुधारली!

असं का होतं? एक तर मुलं वाढतच असतात, ऑटिस्टिक मूलही वाढतं. दुसरं, आपण मोठा उपचार करतो तो परिस्थिती सगळ्यात बिकट झाल्यावर. त्यानंतर थोडं बरं वाटण्याची शक्यता तशीही असते. स्पीच, ओटी बाजूला चालूच असतं. आणि एवढा खर्च केला की घरातला प्रत्येक जण मुलाकडे जास्त लक्ष देऊ लागतो, जास्त बोलू लागतो. यातलं कशानं किती झालं हे एका घरात बसून कुणालाच वेगळं काढता येत नाही, मलाही नाही. म्हणून तर तुलनेचा गट लागतो.

याच चाचणीतला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. ऑक्सिटोसिन नावाच्या दुसऱ्या एका संप्रेरकाच्या नाकातल्या फवाऱ्याचंही तसंच झालं. कित्येक वर्षं त्याचा बोलबाला होता, आणि २०२१मध्ये २९० मुलांच्या चाचणीत रिकाम्या फवाऱ्यापेक्षा वेगळं काही दिसलं नाही.

कोरेगावकर
तुम्ही सभ्य भाषेत लिहिलंत म्हणून उत्तर देतो. मुद्दा समजला. पण मग पालकानं करायचं काय? 'हे नको, ते नको' सगळे सांगतात. 'हे करा' कुणी सांगत नाही.

कास_पठार
दादा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी साताऱ्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मी सांगते.

इंग्लंडमध्ये 'पॅक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१०मध्ये. २ ते ५ वर्षांची १५२ मुलं. थेरपी मुलाला नाही, आईवडिलांना दिली. मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि तो थेरपिस्टसोबत बसून बघायचा, एवढंच. सुरुवातीच्या निकालात आईवडिलांचं मुलाशी जुळणं भरपूर वाढलं, मुलांच्या लक्षणांतला फरक मात्र किरकोळ होता. पुढे जवळपास सहा वर्षांनी त्यातल्या १२१ मुलांना पुन्हा तपासलं तर थेरपीवाल्या गटाची लक्षणं तुलनेनं कमी होती. ऑटिझम गेला असं नाही, पण फरक टिकला होता.

आता आपल्याकडचं. हीच पद्धत गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथं करून बघितली, २०१६मध्ये निकाल आले. ६५ मुलं, १२ सत्रं, आणि सत्रं घेणारे लोक थेरपिस्ट नव्हते! शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. तरीही आईवडिलांचं जुळणं वाढलं आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद करू लागली. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र उलट कमी भरला, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. असं न आवडणारं छापणाऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसतो.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते. माझ्याकडे एक आई यायची. मुलगा खेळण्यातला ट्रॅक्टर उलटा धरून चाक फिरवत बसायचा. ती शेजारी बसून सारखी विचारायची, "हे काय आहे? ट्रॅक्टर म्हण. रंग कुठला? इकडे बघ." आम्ही तो व्हिडिओ दोघींनी बघितला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी त्याला श्वासच घेऊ देत नाहीये." पुढच्या वेळी तिनं दुसरा ट्रॅक्टर घेतला, उलटा केला, चाक फिरवलं आणि गप्प बसली. बराच वेळ काही नाही. मग पोरानं आपलं चाक थांबवलं, तिच्या चाकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तिचं चाक स्वतः फिरवलं. आम्ही दोघी हलायलासुद्धा घाबरत होतो.

यात जादू नाही. वेळ लागतो, आणि कामावरून दमून आलेल्या माणसाला हे जमणं अवघड असतं. पण यामागे पुरावा आहे, आणि बाग शाबूत राहते.

जतकरीण
मी अंगणवाडी सेविका आहे, जत तालुक्यात. ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे थेरपिस्ट नावालाही नाही. मिरजेला जायचं तर येष्टीनं अख्खा दिवस मोडतो, बाईची मजुरी बुडते. दोन-चार खेपा करतात आणि सोडून देतात. शाळा-अंगणवाडीत तपासणीची गाडी येते, त्यात एखादं मूल सापडलं तर सिव्हिलच्या त्वरित हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. चिठ्ठी मिळणं आणि पोचणं यात फार अंतर आहे.

गोव्यात साध्या कार्यकर्त्यांनी केलं म्हणता, तर आम्हाला का शिकवत नाहीत? आम्ही घरोघरी जातोच की.

कास_पठार
ताई, तुमच्या या एका वाक्यासाठी हा धागा जिल्हा परिषदेला पाठवावा असं वाटतंय.

द्राक्षवेल
गहू आणि दूध बंद करून बघा. आम्ही केलं, मुलगा शांत झालाय. खर्च शून्य.

बालरोग_मिरज
पोट साफ नसेल किंवा दूध खरंच पचत नसेल तर फरक पडू शकतो, कारण दुखणारं पोट शांत झालं की मूल शांत होतं. पण ऑटिझमवर उपाय म्हणून नाही. २०१६च्या एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात १४ मुलांना गुपचूप कधी ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन), कधी दूध देऊन बघितलं, वागण्यात फरक दिसला नाही. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, गहू सोडणं जड नाही. दूध-दही सोडताना मात्र जपा. ही मुलं आधीच मोजके चार पदार्थ खातात, त्यातले दोन काढलेत तर उरणार काय?

फोलिनिक ॲसिडबद्दल (फोलिक ॲसिडच्या जातीचं औषध, ऑटिझमवर सुचवलं जातं) व्यनि, म्हणजे खासगी निरोप, येताहेत म्हणून इथेच लिहितो. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेत त्याची मोठी घोषणा झाली तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं. ऑटिझममधले त्याचे अभ्यास लहान आहेत, नावाजलेला २०१८चा अभ्यास ४८ मुलांचा. मोठ्या चाचण्या होऊ द्यात. मेडिकलवाल्याला विचारून परस्पर सुरू करू नका.

सज्जनगड
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. साताऱ्याचा, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. निदान मोठेपणी झालं. या धाग्यावर सगळे आमच्याबद्दल बोलताहेत, म्हणून आमच्यातला एक जण बोलतो.

तुमचे अभ्यास काय मोजतात ते आधी बघा. १९८७मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांचा अभ्यास आला. आठवड्याला ४० तास वागणूक शिकवणारी थेरपी, १९ मुलांपैकी ९ 'सर्वसामान्य' झाली असं म्हटलं. अख्ख्या जगातली केंद्रं आजही त्यावर चालतात. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, आणि त्या थेरपीत मुलांवर ओरडणं आणि मारणंही होतं. 'सर्वसामान्य' म्हणजे काय, तर इतरांसारखं दिसणं. मी शाळेत पूर्णपणे इतरांसारखा दिसायचो. घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहायचो. त्याची नोंद कुणाच्या तक्त्यात होणार?

लहान मुलांवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा २०२०मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये घेतला गेला. थेरपीचा मुलाला त्रास झाला का, हे बहुतेकांनी नोंदवलेलंच नव्हतं. औषधाच्या चाचणीत हे चालेल का? इंग्लंडमध्ये २०१६मध्ये ऑटिस्टिक माणसं, पालक आणि डॉक्टर अशा सगळ्यांना विचारलं की संशोधन कशावर हवं. पहिला क्रमांक आला मानसिक आरोग्याला. नजरेला नजर देण्याला नाही.

विश्रामबागकर, तुमचा मुलगा हात धरून नेतो म्हणालात. तो बोलतोच आहे. त्याला आणखी मार्ग द्या.

हरिपूर_रोड
सज्जनगड, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण दुसरी बाजूही ऐका. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायची, कपाळ सुजायचं. मला तिला कुणासारखं दिसायला लावायचं नव्हतं, तिचं कपाळ वाचवायचं होतं. आम्ही मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं रिस्पेरिडोन हे औषध सुरू केलं. आपटणं खूप कमी झालं. वजन वाढलं, भूक सारखी, हेही खरं. 'जशी आहे तशी स्वीकारा' हे रात्री तीन वाजता पुरत नाही हो.

सज्जनगड
ताई, मी तुमच्या विरोधात नाही. स्वतःला इजा होत असेल तर थांबवायलाच हवी. फक्त एक विचारतो. औषधाच्या आधी दात, कान, पोट कुणी तपासलं होतं का? बोलता न येणाऱ्या माणसाला दाढ दुखत असली तर तो काय करेल?

हरिपूर_रोड
तपासलं होतं. बद्धकोष्ठता निघाली, तिचाही इलाज केला, थोडा उतार पडला. मग उरलेल्यासाठी औषध. तुमचा प्रश्न मात्र प्रत्येक पालकानं लिहून ठेवावा असा आहे.

बालरोग_मिरज
दोघांचंही बरोबर आहे. रिस्पेरिडोनला पुरावा चांगला आहे. २००२मध्ये १०१ मुलांची चाचणी झाली, चिडचिड आणि स्वतःला मारणं यात मोठा फरक होता. पण आठ आठवड्यांत वजन सरासरी २.७ किलो वाढलं, दुसऱ्या गटात ०.८. म्हणून वजन आणि साखर बघत राहायचं. हे औषध ऑटिझमचं नाही, त्या त्रासाचं आहे. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर सिद्ध झालेलं औषध आज नाही. झोपेसाठी मेलाटोनिनला बऱ्यापैकी आधार आहे. २०१७च्या चाचणीत १२५ मुलं होती, औषधवाली सुमारे ५७ मिनिटं जास्त झोपली, दुसरी ९ मिनिटं. तेही डॉक्टरांना विचारूनच.

विश्रामबागकर
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एक मध्येच विचारतो. इथल्या एका केंद्रानं आठवड्याला ३० तास थेरपीचं पॅकेज सांगितलंय, 'कमी तास म्हणजे कमी फायदा' म्हणतात. आणि चित्रांची कार्डं दिली तर मूल बोलायचं सोडून देतं असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का?

आकडेमोड
तासांचं मी सांगतो. २०२४मध्ये १४४ अभ्यास आणि ९,०३८ मुलांचा हिशेब एकत्र मांडला गेला. तास वाढवले म्हणून फायदा वाढतो, असं त्यात दिसलं नाही. साडेचार वर्षांच्या पोरानं आठवड्याला ३० तास काम करायचं, तर मातीत कधी खेळायचं?

कास_पठार
सासूबाईंना सांगा, उलट आहे. २०१४मध्ये अमेरिकेत जेमतेम शब्द असलेल्या ५ ते ८ वर्षांच्या ६१ मुलांचा अभ्यास झाला. ज्यांना पहिल्या दिवसापासून बोलणारी टॅबलेट (चित्र दाबलं की शब्द उच्चारणारी) दिली, ती मुलं स्वतःहून जास्त संवाद करायला लागली. कार्डं आजच सुरू करा. फोटो तुमच्या घरातल्याच वस्तूंचे काढा, नेटवरचे नकोत. आणि लॅमिनेशन करून घ्या, नाहीतर दोन दिवसांत चावून टाकेल. :)

वाळव्याचा_गडी
जरा विषय सोडून. माझा भाचा असाच आहे, इस्लामपूरला. गणपतीत डीजे लागला की पोरगं पलंगाखाली. गेल्या वर्षी मी त्याला ग्राइंडर चालवताना मिस्त्री लोक कानाला घालतात ते आणून दिलं. गडी घालून मिरवणुकीत माझ्या खांद्यावर बसला की! मंडळाच्या अध्यक्षांनी बघितलं आणि म्हणाले, मलापण एक आण.

सज्जनगड
दादा, तुमच्यासारखा मामा प्रत्येकाला मिळो. मी ऑफिसला जाताना तेच घालतो.

हरिपूर_रोड
विश्रामबागकर, कागदपत्रंही आत्ताच करून घ्या. सिव्हिलमध्ये इसा नावाची चाळीस प्रश्नांची चाचणी घेतात, ७० किंवा जास्त गुण आले की अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र). मग राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. कागद जमवताना जीव मेटाकुटीला येतो, पण करा.

विश्रामबागकर
ताजी खबर. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुण्याला फोन केला. सीटीआरआय क्रमांक विचारला तर म्हणाले, ही चाचणी नाही, उपचार आहे. मग म्हटलं, आयोगानं तर शिफारस नाही असं सांगितलंय. तर म्हणाले, "संशोधनाच्या पातळीवर आहे सर, म्हणून लवकर घ्या, या महिन्यात सवलत आहे." सवलत हा शब्द ऐकला आणि मी फोन ठेवला.

बायकोला सांगितलं, ती काही बोलली नाही, नुसता चहा ठेवला. पण बाबा ऐकत नाहीत. त्यांना वाटतं मी पैशाकडे बघतोय. त्यांना कसं सांगू?

कोरेगावकर
भाऊ, माझा अनुभव माझ्याजवळ, माझं मत मी बदललेलं नाही. पण आम्ही साठवलेल्या पैशांतून केलं, जमिनीला हात लावला नाही. तुमच्या वडिलांना माझ्याशी बोलायला सांगा. ज्यानं केलंय तोच 'जमीन विकू नका' म्हणाला तर कदाचित ऐकतील. आणि ते मुलाचे आजोबा आहेत, त्यांनाही काहीतरी करायचंय. त्यांना काम द्या. कास_पठार ताई, ते व्हिडिओ बघायचं आजोबांनाही शिकवता का?

कास_पठार
का नाही! आजोबांकडे वेळ असतो आणि घाई नसते, दोन्ही उपयोगाचं. विश्रामबागकर, व्यनि करा. त्यांनी आणि मुलानं दहा मिनिटं एकत्र काहीही करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. शिकवायला लावू नका, नुसतं सोबत बसू दे.

विश्रामबागकर
व्यनि केलाय ताई. कोरेगावकर दादा, तुम्हाला रविवारी बाबांकडून फोन येईल.

जतकरीण
वाळव्याचे दादा, ते कानाचं कुठं मिळतं? आमच्या वस्तीवर एक पोरगी आहे, जत्रेत फार रडते.

वाळव्याचा_गडी
कुठल्याबी हार्डवेअरच्या दुकानात ताई. मोठ्या माणसाच्या मापाचं असतंय, पट्टी सगळ्यात आत ढकला. आणि जत्रेतच पहिल्यांदा घालू नका, आधी चार दिवस घरात खेळायला द्या.